पुरावा कोणी द्यायचा?

२०१९ हे वर्ष घानाने ‘परतीचे वर्ष’ म्हणून पाळले. १६१९ साली व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्ट इथे वीसेक आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले, त्याला चारशे वर्षे होत होती. अमेरिकेत, कॅरिबियन बेटांवर, ब्राझीलमध्ये विखुरलेल्या त्यांच्यासारख्यांच्या वंशजांना घाना सांगत होता, घरी या. वर्षभर माणसे येत राहिली. गुलामांना जहाजावर चढवण्याआधी जिथे डांबून ठेवत त्या केप कोस्ट आणि एल्मिना इथल्या किल्ल्यांच्या अंधाऱ्या कोठड्यांत ती उतरली, आसिन मान्सोच्या नदीत उभी राहिली. उत्तरेकडून पायी हाकलत आणलेल्या बंदिवानांना किनाऱ्यावर विक्रीला नेण्याआधी याच नदीत शेवटची आंघोळ घातली जाई. नोव्हेंबरअखेर राष्ट्राध्यक्ष नाना आकुफो-अड्डो यांनी १२६ परतलेल्यांना घानाचे नागरिकत्व दिले. २०२४ च्या नोव्हेंबरात आणखी ५२४ जणांना ते मिळाले.

एखाद्या देशाने आपल्या किनाऱ्यावरून विकल्या गेलेल्यांच्या पणतवंडांना ‘तुम्ही आमचे’ असे शपथेवर सांगावे, ही साधी गोष्ट नाही. मला ती मनापासून मोलाची वाटते. पण त्या वर्षाचा हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा सरकारने पुढे केला तो पर्यटनाचा आकडा: अर्थव्यवस्थेत सुमारे १.९ अब्ज डॉलर आले, असे पर्यटनमंत्र्यांनी सांगितले. कोणाला किल्ला सोडून पुढे आपल्या माणसांपर्यंत पोहोचता आले, याचा हिशेब कोणी मांडला नाही. इथेच माझा आक्षेप सुरू होतो. पूर्वजांच्या भूमीकडे जाणे हा वारसाहक्काचा दावा आहे, आणि दावा म्हटला की पुरावा आला. आज हा पुरावा ज्याचे नावगाव हिरावून घेतले गेले त्याच्याकडेच मागितला जातो. तो ज्यांनी हिरावले, विकले, विकत घेतले आणि नोंदवून ठेवले त्यांच्याकडे मागितला पाहिजे.

१६१९ ची ती वीस माणसे घानातून गेलेली नव्हतीच. ती अंगोलाकडची होती, एका पोर्तुगीज जहाजावरून लुटून व्हर्जिनियात आणलेली. म्हणून घानाचे आमंत्रण खोटे ठरत नाही. त्यांच्या आजच्या वंशजाला आपण अंगोलाकडे पाहावे की घानाकडे हे कळायला मार्गच ठेवलेला नाही, एवढेच त्यातून दिसते. अटलांटिकपलीकडे नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांवर चढवली गेली. त्यातली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आफ्रिकेतून उतरलेली चार लाखांहूनही कमी. बाकीची बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियनमध्ये गेली, त्यांतली पुष्कळ उसाच्या मळ्यांत. हे आकडे इतिहासकारांना काढता आले, कारण व्यापाऱ्यांनी हिशेब नीट ठेवले होते. नावे मात्र ठेवली नाहीत. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. वर मालकाचे नाव, खाली ओळीने वय, लिंग, वर्ण. पूर्वीच्या गुलामांची नावे आडनावासकट पहिल्यांदा लिहिली गेली ती १८७० च्या जनगणनेत. आज शिकागोतले एखादे कुटुंब आपली वंशावळ शोधायला बसते तेव्हा बहुधा १८७० पाशी त्याचा हात थांबतो.

मराठी वाचकाला यातले अंतर चटकन कळेल, कारण आपलीही माणसे समुद्रापार गेली आहेत, तीही आफ्रिकेतच. गुलामगिरी कायद्याने संपताना, १८३४ पासून, मॉरिशसच्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर न्यायला सुरुवात केली. मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरचीही माणसे गेली. त्यांचे हाल कमी झाले नाहीत. पण कराराला सही-अंगठा लागतो, म्हणून त्यांची नोंद झाली: नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, जहाज. पुढे पुढे छायाचित्रेही काढली गेली. ही दप्तरे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. मॉरिशसचा मराठी माणूस तिथे जाऊन पणजोबाच्या पणजोबाचा मजूर-क्रमांक काढू शकतो आणि त्या आधारावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या वेशीपर्यंत येऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पोर्ट लुईमध्ये जाहीर केले की भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळू शकेल. असे जाहीर करता येते, कारण सात पिढ्यांचे कागद आहेत. त्याच बेटावर मोझांबिक आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशजही राहतात. त्यांच्या पूर्वजांना सही करायला कोणी सांगितले नव्हते.

कागद जिथे सापडला तिथे काय घडले, ते पाहा. १७५६ मध्ये ‘हेअर’ नावाचे जहाज सिएरा लिओनहून दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला गेले. त्यावर दहा वर्षांची एक मुलगी होती. एलायस बॉल नावाच्या भातशेतीच्या मालकाने तिला विकत घेतले आणि आपल्या वहीत तिचे नवे नाव लिहिले, प्रिसिला. बॉल घराण्याने पिढ्यानपिढ्या वह्या जपल्या. जहाजाचे मालक ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचे; त्यांचेही कागद न्यूयॉर्कच्या एका संग्रहात टिकले. विकणाऱ्याचा आणि विकत घेणाऱ्याचा असे दोन्ही बाजूंचे कागद जुळले, आणि प्रिसिलापासून आजपर्यंतची साखळी एकही कडी न तुटता उभी राहिली. २००५ मध्ये तिची सातव्या पिढीतली वंशज सिएरा लिओनला गेली तेव्हा त्या देशाने तिचे स्वागत केले ते हरवलेल्या लेकीसारखे. ही साखळी दुर्मीळ आहे असे सगळे म्हणतात. माझा प्रश्न असा की ती दुर्मीळ का असावी? अटलांटिक व्यापारातली ज्ञात अशी छत्तीस हजारांहून अधिक जहाजफेऱ्यांची नोंद अभ्यासकांनी एकत्र केली आहे. या फेऱ्यांना मालक होते, बहुधा विमा, खलाशांचे पगारपत्रक, लिलावाची पावतीही होती. या कागदांवर ज्यांच्या संपत्तीचा पाया आहे त्या पेढ्या, घराणी, विद्यापीठे आणि चर्चसंस्था अजूनही आहेत. त्यांच्या कपाटांत काय आहे, ते पूर्वज शोधणाऱ्याला सहज कळेल असे मांडून ठेवणे हे त्यांच्या मर्जीवर का सोडायचे?

कागद नसतानाही एक वाट सापडली होती. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लोरेन्झो डाउ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ जॉर्जिया-कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या, गुलामांचे वंशज असलेल्या गल्ला लोकांत हिंडत होते. गल्ला बोली म्हणजे मोडकी इंग्रजी, असे तेव्हाचे विद्वान मानत. टर्नरना तिच्यात आफ्रिकी भाषांचे हाडामांसाचे अवशेष दिसत होते. हॅरिस नेक या गावात अमेलिया डॉली या बाईने त्यांना एक गाणे म्हणून दाखवले. काही ओळींचेच, तिच्या आईकडून आलेले, अर्थ तिलाही ठाऊक नसलेले. टर्नरनी ते ध्वनिमुद्रित केले. सिएरा लिओनच्या एका विद्यार्थ्याने ऐकल्याबरोबर सांगितले, ही माझी भाषा आहे, मेंडे.

जवळजवळ साठ वर्षांनी मानवशास्त्रज्ञ जोसेफ ओपाला, संगीताच्या अभ्यासक सिंथिया श्मिट आणि मेंडे भाषातज्ज्ञ तझीफ कोरोमा यांनी ते गाणे पुन्हा हाती घेतले. एका शब्दावरून कोरोमांना बोलीचा दक्षिणेकडचा भाग ओळखता आला. त्या भागात गावोगाव ध्वनिफीत वाजवत जाताना सेनेहुन न्गोला नावाच्या छोट्या गावात बेंदू जबाती या बाईने ते गाणे बरोबरीने म्हणायला सुरुवात केली. तिला ते आजीने शिकवले होते. मयताच्या विधीत बायकांनी म्हणायचे गाणे होते ते. विधी कधीचा बंद पडला होता, पण आजीने बजावले होते की गाणे विसरू नकोस, आपली गेलेली माणसे कधी आली तर यावरूनच ओळखू येतील. पुढे सिएरा लिओनमध्ये यादवी पेटली, गाव जाळले गेले. १९९७ मध्ये, युद्धाच्या एका उसंतीत, अमेलियाची मुलगी मेरी मोरन आपल्या कुटुंबासह त्या गावात पोहोचली. दोन्ही किनाऱ्यांवरच्या बायकांनी लेकीसुनांच्या तोंडून दोनशे वर्षांहून अधिक काळ जपलेले गाणे तिथे एकत्र म्हटले गेले.

ही भेट कोणत्याही महोत्सवाने घडवली नाही. तिच्यामागे एका भाषाशास्त्रज्ञाचे जन्मभराचे काम होते, ज्याला त्याच्या हयातीत म्हणावा तसा मान मिळाला नाही. तिच्यामागे जपून ठेवलेली ध्वनिमुद्रिका होती, स्थानिक बोलीचा जाणकार होता, आणि पायपीट होती. परतीवर खर्च करणाऱ्या सरकारांनी असा खर्च आधी करावा, हे माझे म्हणणे आहे. मेंडे, वोलोफ, फॉन, किंबुंडू या भाषांचे जाणकार अटलांटिकच्या पलीकडच्या ध्वनिसंग्रहांपर्यंत पाठवा. आणखी अशी किती गाणी, किती देवांची नावे, किती अंगाईगीते क्युबात आणि ब्राझीलमध्ये गावाची वाट बघत असतील.

आज मात्र पुराव्याची जागा डीएनए चाचणीने घेतली आहे. काहीशे डॉलर द्या, गालाच्या आतून पुसलेला कापूस पाठवा, काही आठवड्यांत जमातीचे नाव लिहिलेले प्रमाणपत्र येते. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला त्या प्रमाणपत्राचा केवढा आधार वाटत असेल हे मी समजू शकतो, आणि त्या भावनेला नाक मुरडायचा मला अधिकार नाही. पण दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाला १०२४ पूर्वजांच्या जागा असतात. मायटोकॉन्ड्रियल चाचणी त्यांतल्या एकीचाच, आईच्या आईच्या आईचा, माग काढते. शिवाय तो मागही एका जमातीपाशी थांबत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की आफ्रिकी-अमेरिकी लोकांचे असे नमुने आफ्रिकेतल्या एकाच जमातीशी जुळण्याचे प्रमाण दहांत एकाहूनही कमी होते. बाकीचे अनेक जमातींशी जुळत होते किंवा कशाशीच नेमके जुळत नव्हते. खासगी कंपनीच्या या उत्तरावर एखाद्याने आपली वैयक्तिक यात्रा आखावी, हे ठीक. त्यावर राज्याने नागरिकत्वाचा निर्णय ठेवू नये.

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनने सप्टेंबर २०२४ मध्ये जो कायदा केला त्यात एक मोठी गोष्ट योग्य आहे. ज्याचे पूर्वज सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून नेले गेले त्याला नागरिकत्व मागता येते. ते बेनिनच्याच विदाह बंदरातून गेले, हे दाखवावे लागत नाही. पण पुराव्यांत कौटुंबिक कागद आणि साक्षी यांच्या जोडीला डीएनएही आहे, आणि कागद नसलेल्याला सहज परवडणारा रस्ता शेवटी तोच उरतो. घानाचा २००० सालचा कायदा तर आणखी अडवतो. परदेशस्थ आफ्रिकी वंशाच्या माणसाला कायमचे राहण्याचा हक्क त्यात आहे. पण त्यासाठी प्रतिष्ठित घानावासीयांची शिफारस हवी, स्वतःच्या पायावर उभे असल्याचा आर्थिक पुरावा हवा, आणि देशाच्या विकासाला भरीव हातभार लावण्याची क्षमता आहे असे मंत्र्याला वाटायला हवे. मिसिसिपीतल्या ज्या सफाई कामगाराच्या पूर्वजांनी कापूस वेचून दुसऱ्यांची घरे भरली त्याला हा दरवाजा कसा उघडणार? वारसाहक्क वारसाच्या बँकेतल्या शिलकीवर ठरत नसतो.

मग कोणीही उठावे आणि दावा सांगावा का? नाही. आपले कुटुंब गुलामगिरीतून आले आहे, एवढे दाखवणे बहुतेकांना शक्य असते. १८७० ची जनगणना, मुक्त झालेल्या गुलामांसाठी अमेरिकी सरकारने काढलेल्या फ्रीडमन्स ब्युरो या खात्याच्या नोंदी, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या, जमैका-बार्बाडोससारख्या ब्रिटिश वसाहतींतली गुलामनोंदणी, हे सगळे आहे. तेवढ्यावर हक्क द्यावा. समुद्राच्या आफ्रिकेकडच्या टोकाचा पुरावा अर्जदाराकडे मागू नये, कारण तो नष्ट करण्यात त्याचा हात नव्हता.

त्या टोकाला मौनही बरेच आहे. पकडणारे, किनाऱ्यापर्यंत आणणारे, किल्ल्यातल्या गोऱ्या व्यापाऱ्याशी भाव ठरवणारे पुष्कळदा आफ्रिकी राजे आणि दलाल होते. आजच्या बेनिनमधल्या दाहोमी राज्याच्या राजांची सत्ता या व्यापारावर पोसली गेली. १९९९ मध्ये बेनिनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मॅथ्यू केरेकू यांनी अमेरिकेत जाऊन कृष्णवर्णीयांची क्षमा मागितली, हे धैर्य होते. घानातल्या अशांती लोकांत माणसाचे मूळ चारचौघांत सांगू नये असा जुना दंडक आहे. गुलाम म्हणून आणलेल्यांना घरात सामावून घेतल्यावर त्यांना कोणी हिणवू नये, या माणुसकीतून तो आला असावा. पण त्याची दुसरी बाजू अशी की घरातल्या घरात काय घडले ते सांगायला कोणी बसत नाही. घानाच्या उत्तरेला सलागाचा गुलामबाजार होता. जी माणसे पकडली गेली त्यांतली बरीच त्या बाजूची. पाहुण्यांची वर्दळ मात्र दक्षिणेच्या किल्ल्यांत असते, जिथे दोष युरोपीय भिंतींवर ठेवून मोकळे होता येते. आलेल्या वंशजाला दोष कोणाकोणाचा हे पूर्ण ऐकण्याचा हक्क आहे, आणि मला वाटते तो ते ऐकायला तयारही असतो.

एक आक्षेप मात्र मी खरोखर गंभीरपणे घेतो: परतणाऱ्यांमुळे तिथल्यांचे काय होते? इतिहासात याचे भयंकर उदाहरण आहे. १८२० च्या दशकात अमेरिकेतून मुक्त कृष्णवर्णीयांना नेऊन लायबेरिया वसवला गेला, १८४७ मध्ये तो स्वतंत्र झाला. परतलेल्यांनी अमेरिकी दक्षिणेतल्या मालकांसारखे वाडे बांधले, मूळच्या लोकांना १९०४ पर्यंत नागरिकत्व दिले नाही, आणि १९३० मध्ये राष्ट्रसंघाच्या चौकशीत वेठबिगारीचे आरोप त्यांच्यावर सिद्ध झाले. जेमतेम काही टक्के लोकसंख्येची ही सत्ता १९८० च्या रक्तपातात संपली. आजही केप कोस्टजवळच्या असेबू इथे परदेशातून येणाऱ्यांच्या वसाहतीसाठी सुमारे ५००० एकर जमीन राखून ठेवली गेली, आणि ती कसणारी काही कुटुंबे कोर्टाची पायरी चढली. म्हणून माझी भूमिका अशी: नागरिकत्व उदारपणे द्या, पण नागरिकत्वाबरोबर जमिनीची खास सवलत देऊ नका. परतलेल्याने शेजाऱ्याइतकाच हक्क घ्यावा. ज्याच्या पूर्वजाला जमिनीवरून उपटले त्याने दुसऱ्याला जमिनीवरून उपटावे, हे त्याच्याच दाव्याला मारक आहे.

हे सगळे दूरचे आहे असे वाटत असेल तर नाशिकचा शरणपूर रोड आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवले, आणि तिथे आफ्रिकी मुलांसाठी आश्रयस्थान चालवले. ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबते पकडी आणि सोडवलेली मुले मुंबईला आणी. त्यांतली कित्येक नाशिकला सुतारकाम, लोहारकाम शिकत वाढली. आफ्रिकेत हिंडलेला स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा मृतदेह १८७३-७४ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकची मुले होती. जेकब वेनराइट त्यांतला एक. तो मृतदेहाबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या वाटाघाटींनंतर झांझिबारच्या सुलतानाने ब्रिटिशांच्या दबावाखाली गुलामबाजार बंद केल्यावर १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअर टाउन उभे राहिले, आणि नाशिककडची ही माणसे तिथे वसली. त्यांतला विल्यम जोन्स पुढे मोंबासाजवळच्या राबाईच्या मिशनवर पळून आलेल्या गुलामांना आसरा देत राहिला. १८८९ च्या पहिल्या दिवशी अशा सुमारे चौदाशे जणांना मुक्तिपत्रे मिळाली.

म्हणजे पूर्वजांच्या भूमीकडे परत जाण्याचा एक जुना रस्ता महाराष्ट्रातून गेलेला आहे. आणि त्याचाही शेवट अर्धवट आहे. ही मुले बहुतेक न्यासा (आजच्या मलावी) सरोवराच्या आसपासच्या याओसारख्या जमातींतली; त्यांना नेऊन सोडले ते शेकडो मैल दूर मोंबासाला, जिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हटले गेले. मॅथ्यू वेलिंग्टन हा नाशिकचा विद्यार्थी १९३५ मध्ये मोंबासात वारला. चेंगविंबे हे त्याचे जन्मनाव आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्यांपैकी बहुतेकांची आपल्याला ठाऊक आहेत ती बाप्तिस्म्याची इंग्रजी नावे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारचा गुलामव्यापाराविषयीचा पत्रव्यवहार आहे. मिशनचे कागद इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. दोन्ही एकत्र लावले तर कोणते मूल कोणत्या गलबतावरून सुटले, कोठे पकडले गेले, नाशिकहून कोठे गेले, याची यादी बऱ्याच अंशी करता येईल. फ्रिअर टाउनच्या त्या कुटुंबांचे वंशज आज केनियात आहेत. त्यांना मुंबईला येऊन परवानगीच्या चिठ्ठ्या घेऊन खेटे घालायला लावण्याऐवजी आपण ती यादी करून मोंबासाला पाठवली पाहिजे.

हे काम पुराभिलेख संचालनालय आणि मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांचे इतिहास विभाग मिळून करू शकतात. मोडी आणि जुनी इंग्रजी हस्ताक्षरे वाचणारी माणसे आपल्याकडे आहेत. यादीत बाप्तिस्म्याच्या नावाशेजारी जन्मनावाचा रकाना असावा, आणि जिथे जन्मनाव सापडणार नाही तिथे पकडल्याची जागा, गलबत आणि तारीख तरी लिहावी, म्हणजे न्यासाकाठच्या अभ्यासकांना पुढचा शोध तिथून उचलता येईल. जंजिरा, गोवा आणि उत्तर कन्नडातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी कुटुंबांसाठीही अशीच यादी हवी, पोर्तुगीज दप्तरांपासून सुरुवात करून. ते काम अधिक अवघड आहे, म्हणून शरणपुरापासून आरंभ करावा.